रानातील एका रात्रीचा हक्क

फिनलंड देशात असा एक जुना रिवाज आहे की, कोणाही माणसाने कोणाच्याही मालकीच्या अरण्यात पायी हिंडावे, तळ्याकाठी एखाददुसरी रात्र तंबू ठोकून राहावे, रानफळे व अळंबी वेचावी. मालकास विचारण्याचे कारण नाही. मात्र कोणाच्या घराच्या अंगणाजवळ उतरावयाचे नाही, उभे झाड तोडावयाचे नाही, आणि जमीनमालकाच्या अनुमतीवाचून विस्तव पेटवावयाचा नाही. हा हक्क देणारा एखादा स्वतंत्र कायदा तेथे नाही. तो मुख्यत्वे वहिवाटीवर उभा आहे, आणि उन्हाळ्याच्या सुटीत पुष्कळ लोक त्याच्याच बळावर सरोवराकाठी मुक्काम करतात.

धार-देवासकडील आमच्या वाचकांस याचे फारसे नवल वाटू नये. त्यांच्या दक्षिणेस नर्मदा आहे. नदी उजव्या हातास ठेवून उत्तर तटाने वर चढणारा परिक्रमावासी धार जिल्ह्यातून धर्मपुरीवरून येतो, आणि पुढे देवास जिल्ह्यातील सागवानी रान ओलांडून नेमावरास सिद्धनाथाच्या पायांशी पोचतो. रात्र पडेल तेथे तो उतरतो. कोणी सदावर्त दिले तर शिजवितो, नाही दिले तर उपाशी निजतो. त्याने नदी ओलांडू नये, चातुर्मासात चालू नये, संचय करू नये, असा नेम आहे. आणि परंपरेचा काळ तीन वर्षे, तीन महिने, तेरा दिवसांचा.

आता हा त्याचा हक्क म्हणावा, की यजमानाची कृपा? १८८२ चा सुविधाधिकाराचा कायदा सांगतो की, असा अधिकार मागणाऱ्यापाशी स्वतःची काही मिळकत असली पाहिजे. तिच्या उपभोगासाठीच तो मिळतो. परिक्रमावासीयाची मिळकत म्हणजे एक झोळी आणि एक कमंडलू! तथापि त्याच कायद्याच्या दुसऱ्या कलमाने लोकांचे रूढीने चालत आलेले हक्क अबाधित ठेवले आहेत, तेव्हा त्याला अगदीच दाद नाही असे नव्हे. उलटपक्षी, १९२७ च्या वन अधिनियमाचे सव्विसावे कलम राखीव रानातील अनधिकार प्रवेश आणि विस्तव हे दोन्ही अपराध मानते. न्यायालयात काय व्हायचे ते होवो. आम्हांस येथे नीतीचा प्रश्न अधिक महत्त्वाचा वाटतो.

भूमी देवाची, म्हणून ती सर्वांची, असे उत्तर भाविक मन चटकन देते. ते आम्हांस पुरेसे वाटत नाही. रान कागदोपत्री सरकारचे असले तरी पाहुण्याला पाणी, पीठ आणि सरपण देतो तो तेथला कोरकू किंवा भिल्ल. आपल्या देवळांच्या अग्रशाळांना महाजनांचा आधार असतो, हिशेबाची वही असते. त्या झोपडीस काय आधार? बरे, त्या यजमानाचे स्वतःचे स्थान काय होते? पिढ्यानपिढ्या कसलेले त्याचे शेत दप्तरी 'अतिक्रमण' म्हणून लागलेले असे. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या उद्देशिकेनेच तो ऐतिहासिक अन्याय होता हे कबूल केले. म्हणजे एका रात्रीचा पाहुणा धर्माच्या नावाने सन्मानित, आणि त्याला जेवू घालणारा आपल्याच घरी आगंतुक! या विसंगतीवर एखाद्या कीर्तनकाराने बोलल्याचे आमच्या कानी आलेले नाही.

खाली शूलपाणीच्या झाडीत तर भिल्ल लोक परिक्रमावासीयाचे होते-नव्हते ते काढून घेत, आणि तेही परिक्रमेचे अंगच मानले जाई. वकिलाच्या भाषेत ती लूटच. पण तिच्यात घरधन्याचा एक दावाही बोलत होता, असे आम्हांस वाटते.

हल्ली शहरांतील तरुण मंडळी उन्हाळ्यात तंबू घेऊन रानात जातात. जावे, कार्तिकात उत्सवमूर्तीसह वनभोजनास जाणाऱ्या आपल्या समाजाने त्यांस नावे ठेवू नयेत. परंतु तो काळ कोणता, हे पाहावे. चैत्रात मोहाची फुले गळतात, पुढे तेंदूची पाने खुडली जातात. रानातल्या घराचे वर्षाचे रोख पैसे त्यावर. पाचोळा वाळून कोळ झालेला असतो. हौसेच्या शेकोटीतून उडालेली एक ठिणगी ही कमाई जाळू शकते. फिनलंडच्या मोकळ्या रिवाजातही विस्तवापुरते मालकास विचारावे लागते, ते उगाच नव्हे. आपल्याकडे वनखात्याचा परवाना काढला की काम झाले, असा समज आहे. पाड्यावर जाऊन विचारणे कोणास सुचत नाही.

आणि यजमानच उठून गेला तर? २०१९ मध्ये सरदार सरोवर प्रथमच काठोकाठ भरले, तेव्हा धार जिल्ह्यातील चिखलदा, निसरपूर ही नर्मदाकाठची गावे पाण्यात गेली. घाट बुडाले, परिक्रमेची वाट वर सरकली. ज्या ओसरीवर वाटसरू निजत, ती ओसरी उरली नाही. माणसे पुनर्वसनाच्या वसाहतींत मोजक्या भूखंडांवर गेली. अशा एखाद्याच्या दारात सांजवेळी दहा परिक्रमावासी उभे राहिले, तर त्यास 'नाही' म्हणण्याचा अधिकार आहे की नाही? आमच्या मते आहे. आणि त्याने तसे म्हटले, तर त्यास पाप लागत नाही.