पंधराव्या दिवसाचा डाग

आमच्या स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर दोन तऱ्हेच्या खुणा असायच्या. दुधाचा खाडा पडला की ठळक फुली, ती घरातल्या सगळ्यांसाठी. तारखेच्या कोपऱ्यातला पेन्सिलीचा बारीक ठिपका मात्र माझ्या पाळीचा, फक्त माझ्यासाठी. मूल व्हावं म्हणून उपचार सुरू झाले आणि घरातल्या सगळ्यांचाच जीव त्या ठिपक्यात अडकू लागला. ठिपका पडला की त्या महिन्याची आशा संपली, एवढाच त्याचा अर्थ आम्हाला ठाऊक होता.

एका महिन्यात तो पाळीच्या चक्राच्या पंधराव्या दिवशीच पडला. तिसऱ्या दिवसापासून पाच दिवस लेट्रोझोलच्या गोळ्या घेऊन झाल्या होत्या. फॉलिक्युलर स्टडीसाठी, म्हणजे बीज कितपत वाढलंय ते बघायला, दिवसाआड सोनोग्राफीच्या खेपा झाल्या होत्या. फॉलिकल, म्हणजे बीजाची पिशवी, १८ मिलिमीटरच्या पुढे गेलं म्हणून बीज फुटण्याचं इंजेक्शन घेऊनही दोन रात्री झाल्या होत्या. सकाळी दहाची वेळ आययूआयसाठी, म्हणजे नळीने वीर्य गर्भाशयात सोडण्यासाठी, ठरलेली, आणि सहा वाजता कपड्यावर रुपयाएवढा तपकिरी डाग. मी नवऱ्याला म्हटलं, "फोन करून रद्द कर. आता जाऊन काय उपयोग?" तो म्हणाला, "रद्द करायचं की नाही ते डॉक्टरांना ठरवू दे. तू चल."

डॉक्टरबाईंनी तीन प्रश्न विचारले. रंग कसा होता? किती होतं? दुखतंय का? "थोडंसं," यापलीकडे मला काही सांगता येईना. त्यांनी सोनोग्राफी केली. बीज फुटलेलं होतं, गर्भाशयाचं अस्तर चांगलं होतं. ठरलेलं काम ठरलेल्या वेळी झालं.

त्या सकाळी मी हातातली संधी स्वतःच्या हाताने घालवायला निघाले होते. असं का झालं, याचा मी पुढे पुष्कळ विचार केला. मला माहिती कमी होती हे खरंच. पण शब्दही कमी होते. अडचण, बाहेरची, कावळा शिवला, बाजूला बसली : पाळीसाठी आपण घराघरात वापरलेले हे शब्द बाईने कुठे बसावं आणि कशाला हात लावू नये, ते सांगतात. रक्त कसं होतं, किती होतं, कोणत्या दिवशी आलं, हे त्यांतला एकही शब्द सांगत नाही. ज्या गोष्टीबद्दल आपण फक्त आडून बोलतो, ती नीट बघायलाही आपण शिकत नाही.

बघायला शास्त्रालाही वेळ लागला. १९४० साली मार्की या अमेरिकी संशोधकाने माकडिणीच्या गर्भाशयाच्या अस्तराचे तुकडे तिच्याच डोळ्याच्या पुढच्या भागात रुजवले आणि डोळ्याच्या पारदर्शक पडद्यातून पाळी येताना प्रत्यक्ष पाहिली. संप्रेरकांचा आधार सुटला की अस्तर आकसतं, त्यातल्या नागमोडी रक्तवाहिन्या आवळतात आणि मग रक्त येतं. हे कळलं की दोन पाळ्यांच्या मधल्या डागाचंही कोडं बरंच सुटतं. बीज फुटण्याच्या सुमारास इस्ट्रोजेन शिखरावरून झटकन खाली येतं आणि प्रोजेस्टेरॉन अजून पुरेसं चढलेलं नसतं. त्या फटीत अस्तराचा थोडा भाग सुटू शकतो. गोळ्या-इंजेक्शनांनी हेच चढउतार आपण बदलत असतो. आययूआयच्या नळीने किंवा योनीमार्गे ठेवायच्या प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्यांनी गर्भाशयाचं तोंड दुखावलं, तरी डाग दिसतो.

पण कारणं एवढीच नाहीत, म्हणून "होतं असं" म्हणून सोडून देणंही चूक. पॉलिप असतो, फायब्रॉइड असतो, जंतुसंसर्ग असतो. आपल्या देशात गर्भाशयाचा क्षयही विसरून चालत नाही. स्त्रीरोगतज्ज्ञांच्या 'फिगो' या जागतिक संघटनेने २०११ मध्ये अशा अनियमित रक्तस्रावाच्या कारणांचे नऊ गट केले. त्यांतला एक गट उपचारांमुळे होणाऱ्या रक्तस्रावाचा आहे, आणि शेवटच्याचं नाव तेव्हा होतं 'अजून वर्गीकरण न झालेला'. मला या शेवटच्या गटाने धीर दिला. जगभरचे तज्ज्ञ जिथे जागा मोकळी ठेवतात, तिथे मी पहाटे सहा वाजता न्हाणीघरात उभी राहून निकाल लावून मोकळी झाले होते.

निकाल दोन्ही बाजूंनी लागतो. एखादी डाग बघून खचते, तर दुसरी बीज फुटल्यावर आठवड्याभराने आलेल्या डागाला गर्भ रुजल्याची खूण मानून हरखते. डाग बघून यातलं काहीच ठरवता येत नाही. ते चाचणीच सांगते. म्हणून डाग दिसला तरी प्रोजेस्टेरॉन मनाने बंद करायचं नाही आणि सांगितलेल्या दिवशीची बीटा एचसीजी ही गर्भधारणेची रक्ततपासणी टाळायची नाही. हलक्या डागाला पाळीचा पहिला दिवस धरून नवा गोळ्यांचा क्रम आपणहून सुरू करायचा नाही. तासाला एक पॅड भिजत असेल, एका बाजूला तीव्र कळ येत असेल, चक्कर किंवा ताप असेल, किंवा चाचणी पॉझिटिव्ह आल्यानंतर रक्त दिसलं असेल, तर सकाळ व्हायची वाट बघायची नाही. गर्भ बीजवाहिनीत राहिलेला असेल, तर तो उशीर जिवावर बेततो.

त्या महिन्यात मला दिवस राहिले नाहीत. पण त्या डागामुळे राहिले नाहीत असं कोणी म्हणालं, तर ते खरं नाही. सगळं वेळेवर आणि नीट होऊनही पुष्कळ महिने असेच जातात.

तेव्हापासून मी कालनिर्णयवर शाईने लिहू लागले : दिवस, रंग, किती पॅड, दुखलं का, आदल्या दिवशी कोणती गोळी. सासूबाईंनी पहिल्यांदा वाचलं तेव्हा त्या क्षणभर थबकल्या. मग म्हणाल्या, "आमच्या वेळी असं लिहायला कोणी सांगितलंच नाही गं." त्यांच्या आवाजात राग नव्हता, हळहळ होती.

उपचार घेणाऱ्या प्रत्येकीला माझं एवढंच सांगणं आहे. डाग दिसला तर तो लपवू नका आणि त्याचा अर्थ एकटीने लावत बसू नका. तारीख घाला, रंग लिहा, आणि त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.