दोष शोधणे आणि दोष देणे

आपल्या भाषेत ‘दोष’ हा शब्द मोठा विलक्षण आहे. यंत्र बिघडले तर त्यात दोष आहे असे आपण म्हणतो, आणि मनुष्याच्या माथी अपराध मारावयाचा असला तर त्यालाही दोषच देतो. दोन्ही कार्ये एकाच शब्दाच्या आश्रयाने राहत असल्यामुळे पहिले पुरे होण्याच्या आतच दुसरे उरकून टाकण्याची खोड आपणांस जडली आहे की काय, हा प्रश्न मला एका जुन्या ऑईल इंजिनाने घातला.

साक्रीजवळ कान नदीच्या काठी आमची थोडी बागायत आहे. विजेची मोटर येण्यापूर्वी तेथील विहिरीवर वडिलांच्या वेळचे डिझेल इंजिन होते. उपशाच्या पाण्याचाच थोडा अंश सिलिंडरभोवतीच्या पोकळीतून खेळवून ते थंड राखीत. एका उन्हाळ्यात त्याच्या चेंबरमधील ऑईल ताकासारखे पांढरे झालेले आढळले. त्यात पाणी मिसळले होते हे उघड होते. ते कोठून आले हे न विचारता, कोणी घातले एवढेच मी विचारले. सालदाराने ऑईल विकून भरती पाण्याने केली, असे अनुमान मी क्षणात बांधले आणि चार माणसांदेखत बोलूनही दाखविले. तो माझ्याहून वयाने वडील होता. एकदा मिस्त्रीला दाखवा, एवढेच तो म्हणाला.

मिस्त्रीने चेंबरचा खालचा बूच सैल केला. रात्रभर इंजिन बंद असल्याने जड पाणी तळाशी बसले होते. आधी ते आले, मागून ऑईल. पंपाच्या ग्लँडमधून थेंब गळत होते, त्यांकडे मी बोट दाखविले. ते गळावयासच हवेत, तो म्हणाला. ग्लँडची दोरी कोरडी पडली तर शाफ्ट झिजतो. मग, बाहेर पडणाऱ्या पाण्यात बुडबुडे येत होते काय, असे त्याने सालदारालाच विचारले. ‘नाही’ असे उत्तर येताच हेडच्या गॅस्केटवरचा त्याचा संशय कमी झाला. मी ज्याला आरोपी केले होते, त्याला मिस्त्रीने साक्षीदार केले! शेवटी बाजूचे झाकण उघडून त्याने पोकळीत वरून पाणी भरले आणि तो आत पाहत बसला. थोड्या वेळाने लायनरच्या खालच्या कडेशी एक थेंब जमला. तेथील रबराच्या रिंगा वयोमानाने कडक होऊन चिरल्या होत्या.

यावर कोणी म्हणेल की, यंत्रास मन नसते, मनुष्यास असते. तेव्हा मनुष्याच्या हेतूचा संशय घेणे प्राप्तच आहे. हे मला मान्य आहे. जगात चोरी होते, आणि ऑईलात पाणी घालणारेही असतात. माझे म्हणणे क्रमापुरतेच आहे. पांझरेकाठच्या फडांत शेवटच्या शेतास पाणी कमी पोचले, तर वरच्याने ते चोरले असे म्हणणे सोपे. पण पाटाच्या काठाला खेकड्याचे बीळही असू शकते, आणि ते पाहावयाचे तर पाट चालूनच गेले पाहिजे. पाणी जेथे दिसते तेथेच ते फुटलेले असते असे नाही. आपला राग मात्र दिसणाऱ्या जागीच थांबतो, आणि त्या जागी बहुधा आपल्याहून दुबळा मनुष्य उभा असतो.

दोष द्यावयाचाच झाला, तर तो इंजिनाच्या मालकाकडे येत होता. त्या रिंगा वेळीच बदलणे माझे काम होते. रिंगा बदलल्यावर ऑईल पुन्हा पांढरे झाले नाही. सालदाराची मी क्षमा मागितली, ती एकांतात. आरोप मात्र चार माणसांत केला होता. त्याने मान हलविली आणि वर्ष इमानाने पुरे केले. आखाजीला नवे साल ठरविण्यास मी निरोप पाठविला, तेव्हा तो आला नाही.