जाड अक्षराची जागा

घरच्या लग्नाची पत्रिका जळगावला छापून आली. अगदी शेवटच्या ओळीपर्यंत सगळा मजकूर एकाच जाड, नक्षीदार अक्षरात. वधू-वरांची नावं काय देखणी दिसत होती! तेवढ्यात मोठ्या आईनं पत्रिका खिडकीपाशी नेली, हातभर लांब धरली आणि विचारलं, "भाऊ, हाई काय लिखेल शे?"

तिचं बोट धरणगावावर होतं. 'ध'च्या डोक्यावरची तुटलेली रेघ नक्षीच्या भरात सलग झाली होती आणि गावाचं 'घरणगाव' झालं होतं. खाली भडगावच्या पाहुण्यांची नावं होती. तिथे 'भ'चा आकडा शिरोरेषेला चिकटला आणि पाहुणे थेट गोव्यातल्या मडगावचे झाले. मुहूर्ताचा आकडा तर मलाही दोनदा पाहावा लागला.

अक्षर वाईट नव्हतं, चुकीच्या जागी बसवलं होतं. असं अक्षर दुरून हाक मारण्यासाठी घडतं. लंडनच्या टाइप ओतणाऱ्यांनी १९व्या शतकाच्या सुरुवातीला रोमन अक्षरांच्या उभ्या रेघा फुगवल्या, त्या भिंतीवरच्या जाहिरातींसाठी. आपल्या देवनागरीत तर वर वेलांटी, रफार, खाली उकार, मध्ये जोडाक्षरं. रेघ जाड केली की अक्षराच्या पोटातली पांढरी जागा आधी बुजते, आणि वाचणारा त्या पांढऱ्या जागेवरूनच अक्षर ओळखत असतो. 'मोदक' हा गुबगुबीत मराठी फॉन्ट पाहा. पोटात केसाएवढी पांढरी फट राखली आहे, म्हणून तो वाचता येतो. पण दोन-तीन शब्दच. कमल शेडगे यांनी नाटकांची नावं अशी रेखली की जाहिरातीत नाटकाचा स्वभाव आधी दिसायचा. ती जादू नावापुरती होती. प्रयोगाची वेळ साध्या अक्षरातच शोभते.

आपल्याकडे हे शहाणपण जुनं आहे. धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात समर्थ रामदासांच्या हातची रामायणाची पोथी जपली आहे. त्यांच्याच दासबोधाच्या १९व्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेवर आहे. अक्षर वाटोळं, मोकळं, काळंभोर असावं, पहिल्यापासून शेवटपर्यंत एकसारखं असावं, असं ते सांगतात. फार बारीक लिहू नका, म्हातारपणी ते उपयोगी पडत नाही, हेही त्यांनी बजावलं आहे. लिहिताना म्हाताऱ्या डोळ्यांची आठवण ठेवणारा तो माणूस मला फार जवळचा वाटतो.

आम्ही पत्रिका पुन्हा छापून घेतली. तुम्ही छापायला टाकाल तेव्हा वधू-वरांची नावं हवी तेवढी जाड, वेलबुट्टीची करा. गाव, तारीख, मुहूर्त मात्र साध्या, ठसठशीत अक्षरात ठेवा, आणि छपाईला होकार देण्याआधी कच्ची प्रत घरातल्या सर्वांत थोरल्या माणसाच्या हातात द्या.