नाकारलेली रीड

क्लॅरिनेटचा स्वर जिच्या कंपनातून उमटतो ती रीड म्हणजे बोरूसारख्या उंच गवताची, टोकाशी कागदासारखी पातळ तासलेली पट्टी. हे गवत फ्रान्सच्या दक्षिणेस व्हार प्रांतात उत्तम येते. मुंबईचे वादक रीडची पेटी धोबी तलावच्या जेर महालात, १८६५ साली स्थापन झालेल्या फुर्ताडो यांच्या दुकानातून घेत आले आहेत. पेटीतल्या दहाही रीड एकाच क्रमांकाच्या, दिसण्यात जुळ्या. वाजण्यात मात्र दोन-तीनच मनासारख्या निघतात. (आता प्लॅस्टिकच्याही मिळतात, त्यांना पावसाची बाधा नाही, म्हणून त्यांचा विचार येथे नको.) उरलेल्यांचे काय करावे, हा वरकरणी क्षुल्लक प्रश्न एका वृद्ध वादकाने आमच्यापुढे ठेवला, आणि तो अजून आमची पाठ सोडीत नाही.

आम्ही तेव्हा परळच्या बाजूला एका धर्मग्रामात होतो. हे गृहस्थ लालबागच्या मिरवणुकांत, लग्नांच्या वरातींत बॅण्डबरोबर वाजवून थकलेले. ईस्टरला आमच्या गायकवृंदाला साथ करीत. रीड कशी पारखावी हे त्यांनी एकदा दाखविले. आधी ती उजेडाकडे धरायची: मधला गाभा दाट आणि दोन्ही कडा सारख्या उतरत्या हव्यात. मग तोंडात ओलवायची, सपाट बाजू माउथपीसवर टेकवून टोकाला टोक भिडवायचे आणि कडे बेताने आवळायचे. टोक केसभर वर सरकले की फुंक जड होते, खाली आले की स्वर पातळ. पहिल्या दिवशी पाचच मिनिटे वाजवून ती काढून ठेवायची. जी पहिल्याच फुंकरीला गोड बोलते ती बहुधा लवकर बसते, असे ते म्हणत.

"फादर, पहिल्या दिवशी कुणाला नापास करायचं नाही. उन्हाळ्यात मुकी असते ती पावसात बोलते. आणि माझाच ओठ वाईट असला तर?"

नाकारलेल्या रीड ते मागे पेन्सिलीने तारीख घालून बिस्किटांच्या डब्यात ठेवीत. टोकाशी चिरलेली एक मात्र त्यांनी आमच्यादेखत कटकन मोडून टाकली. यशयाच्या ग्रंथातील चेपलेल्या बोरूवर आम्ही किती प्रवचने केली असतील! तो न मोडणाऱ्या सेवकाची थोरवी आम्ही गायिली. आणि येथे एक सज्जन माणूस जराही न कचरता तो मोडीत होता. आम्ही तसे म्हटले. ते हसून म्हणाले, "फादर, रीडला दुखत नाही."

ते सहज बोलले, आम्हांला लागले. त्याच वर्षी गायकवृंदाच्या निवडीत एका मुलाला आम्ही एकाच चाचणीत परत पाठविले होते. तेरा-चौदा वर्षांचा, आवाज फुटत होता. दोष असलाच तर वयाचा. सर्वांनाच ठेवून घेता येत नाही, हे खरे, आणि निवड करणे म्हणजे अन्याय नव्हे, असे आम्ही आजही मानतो. परंतु ते वादक नाकारताना स्वतःच्या ओठाविषयी शंका बाळगीत होते. आम्ही आमच्या कानाविषयी तशी शंका एकदाही घेतली नव्हती. शिवाय त्यांच्यापाशी डबा होता. त्या मुलासाठी आम्ही कोणता डबा ठेवला होता?

दोन महिन्यांनी आम्ही त्याच्या चाळीत गेलो. मुलगा क्रिकेट खेळायला गेला होता. आईने चहा केला आणि कपबशी पुढे करीत ती म्हणाली, "तो आता गात नाही, फादर. घरीसुद्धा नाही."