पोरांच्या तोंडून तूच बोलतोस

फोन खिशात ठेव आणि ऐक. ‘सर, ते पोरांनी परस्पर केलं, मला माहीतच नव्हतं’ हे वाक्य माझ्यासमोर पुन्हा काढायचं नाही. करार कायदा तुला मी शिकवलाय. १८७२ चा कायदा, कलम २३८. मालकाचं काम करताना एजंटाने दिलेली खोटी माहिती किंवा केलेली फसवणूक ही त्या करारापुरती मालकानेच केली असं धरलं जातं. पेपरात हे कलम तू नीट लिहिलं होतंस. आता चाळीस घरांची यादी हातात देऊन पोरांना सकाळी बाहेर काढतोस, संध्याकाळी विक्रीचा आकडा विचारतोस, आणि दारात ती काय बोलली ते मात्र तुला ठाऊक नसतं?

मी सांगतो काय बोलली. माझ्या शेजारच्या बाई एकट्या, पेन्शनवर जगणाऱ्या. आधी फोन नाही, गळ्यात ओळखपत्र नाही. ‘महापालिकेकडून पाणी तपासायला आलोय’ म्हणून दोघं थेट स्वयंपाकघरात शिरली. लोकसेवकाची बतावणी करणं हा भारतीय न्याय संहितेत गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आहे. वीस-बावीस वर्षांच्या पोरांना तू कशाच्या तोंडी देतोयस, याचा विचार केलास?

मग डेमो. एका ग्लासात नळाचं पाणी, दुसऱ्यात तुझ्या पाणी शुद्ध करणाऱ्या आरओ यंत्राचं. दोन्हीत धातूचे दांडे बुडवून वीज सोडली. नळाचं पाणी बघता बघता तांबूस-काळं झालं आणि बाईंनी घाबरून यंत्र घेतलं. तो रंग पाण्यातल्या घाणीचा नव्हे रे, दांड्यातल्या लोखंडाचा! पाण्यात क्षार असले की वीज वाहते, लोखंड झिजतं आणि गंज पाण्यात उतरतो. आरओने क्षार काढलेले असतात, त्या पाण्यातून वीज जेमतेम जाते, म्हणून ते नितळ राहतं. त्या दुसऱ्या ग्लासात चिमूटभर मीठ टाकून बघ, तुझ्या यंत्राचं पाणीही तसंच होईल. पाण्यात जंतू आहेत की नाहीत, हे या खेळातून अजिबात कळत नाही. पुढच्या दारी हा प्रकार पाण्याची तपासणी म्हणून दाखवलास, तर ती जाणूनबुजून केलेली फसवणूक असेल, कारण आता तुला खरं काय ते माहीत झालंय.

आणि हे कुठे? इचलकरंजीत! २०१२ साली काविळीच्या साथीने या गावातली माणसं गेली. पाण्याचं नाव काढलं की इथल्या म्हाताऱ्या माणसांच्या पोटात गोळा येतो. ती भीती खरी आहे, आणि तिच्यावर तू टार्गेट पूर्ण करतोस. याचा मला सगळ्यात जास्त राग आहे.

तुझी कंपनी दुकान न थाटता घरोघर माणसं पाठवून विकते. अशा विक्रीसाठी केंद्र सरकारने २०२१ च्या डिसेंबरात थेट विक्रीचे नियम काढले. तू वाचलेसही नाहीत. विक्रेत्याजवळ ओळखपत्र हवं. आधी वेळ ठरवल्याशिवाय किंवा संमती घेतल्याशिवाय कुणाच्या घरी जायचं नाही. बोलणं सुरू करतानाच आपण कोण, कंपनी कुठली, पत्ता काय, माल कोणता आणि कशासाठी आलो हे खरं सांगायचं. किंमत, हप्ते, परतीची अट, विक्रीनंतरची सेवा, सगळं स्पष्ट हवं. पाळता येणार नाही असं वचन द्यायचं नाही. यातली एक तरी गोष्ट त्या दिवशी झाली? बाईंच्या हातात एक साधी पावती आहे. नियमाप्रमाणे बिल किंवा पावती न देणं ही ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष माल बिलात लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर तीस दिवसांत, परत घेऊन पैसे द्यायला नाकारणं हीसुद्धा. विश्वासाने दिलेला फोन नंबर दुसऱ्याला देणंही त्यातच येतं. त्या खरेदीनंतर बाईंना भलत्याच गोष्टींच्या विक्रीचे फोन का येतात, याचं उत्तर तुझ्याकडे असेल.

बाईंनी तक्रार करायला तुला फोन केला, तू म्हणालास कंपनीशी बोला. कंपनी म्हणाली फ्रँचायझीशी बोला, म्हणजे पुन्हा तुझ्याशीच. वर कंपनी, खाली पोरं, मधे तू नामानिराळा. तक्रारीची पोच ४८ कामकाजी तासांत देणं आणि ती सर्वसाधारणपणे महिनाभरात निकाली काढणं कंपनीवर बंधनकारक आहे, तेव्हा तिलाही काखा वर करता येणार नाहीत. पण तिची जबाबदारी आहे म्हणून तुझी संपत नाही. जिल्हा ग्राहक आयोगात दोघांनाही उभं राहावं लागेल.

त्या दोघांतली एक मुलगी होती. अंधार पडल्यावरही अनोळखी घरांत तिला धाडतोस. कामानिमित्त ती जिथे जाईल ती जागा २०१३ च्या लैंगिक छळ प्रतिबंध कायद्यानुसार तिचं कामाचं ठिकाण ठरते. तिथे तिला काही झालं तर ‘ती कमिशनवर आहे’ हे सांगणार आहेस तिच्या आईबापांना?

तू हुशार होतास, मेहनती आहेस. धंदा वाईट नाही, यंत्रही वाईट नसेल. म्हणून तर एवढं बोलतोय, नाहीतर दारातूनच परत पाठवला असता.

आता सांगतो ते कर. ते दांडे उद्या सकाळी पोरांकडून काढून घे. सगळ्यांना ओळखपत्रं दे, दारात काय बोलायचं आणि काय नाही ते मराठीत लिहून वाचून दाखव, आणि पहिला आठवडा स्वतः बरोबर फिर. गेल्या सहा महिन्यांत ज्यांना हा डेमो दाखवून यंत्र विकलंस, त्या प्रत्येकाला फोन करून डेमो चुकीचा होता हे सांग. ज्यांना यंत्र परत करायचंय त्यांचं घे. आणि शेजारी आज, आत्ता जा. पोरांना पाठवू नकोस. चेकबुक घेऊन तू जा. मी दार उघडं ठेवतो, झालं की येऊन सांग.