चकाकी कोणाची?

गाभाऱ्यातील समया लखलखतात; त्या कोणी घासल्या, हे आपण सहसा विचारीत नाही. आम्हांला हा विचार सुचला तो मात्र देवळात नव्हे, तर अहमदाबादजवळील काठवाडा येथील मोटार-संग्रहालयात.

कै. प्राणलाल भोगीलाल यांनी हौसेने जमविलेल्या रोल्स-रॉइस, बेंटले, डेमलर अशा जुन्या मोटारी तेथे आहेत. आम्ही काही हौशी छायाचित्रकार बडोद्याहून तेथे गेलो होतो. एक वृद्ध सेवक एका गाडीचे बॉनेट फडक्याने पुशीत होता. "काका, जरा बाजूला होता का?" आम्ही म्हटले. तो निमूटपणे सरला.

घरी छायाचित्रे मांडून पाहिली. त्यांतले एकही खोटे नव्हते. परंतु सर्व मिळून खोटी होती. वैभव दिसत होते, ते राखणारा हात कोठेच नव्हता. चौकट म्हटली की काही वगळावेच लागते. त्यात दोष नाही. पण दर वेळी एकाच प्रकारचा माणूस वगळला जातो, तेव्हा तो कलेचा नियम राहत नाही. मनाची सवय होते. देणगीदारांचीच नावे संगमरवरावर कोरणाऱ्या आपल्या देवस्थानांतही हेच घडत नाही काय?

पुन्हा तेथे गेलो, तर आधी त्या वृद्धाचे नाव विचारू, छायाचित्र मागाहून.