राग कोणाचा?



महात्मा बसवेश्वरांनी सदाचाराची जी सात सूत्रे सांगितली, त्यांत चोरी, हत्या आणि असत्य यांच्याच पंक्तीला त्यांनी क्रोध बसवला आहे. याचा विचार आपण क्वचितच करतो. चोरी हाताने होते, असत्य जिभेने होते; ते करावे की न करावे हे ठरवायला माणसाला अवसर असतो. क्रोध मात्र येतो. आपली बोलीच पाहा. 'मी चोरी केली' असे आपण म्हणतो, पण रागाविषयी बोलताना 'मला राग आला' असे म्हणतो, जणू तो दारातून आत शिरलेला पाहुणा! मग जे आपोआप येते, ते 'करू नये' असे सांगण्यात अर्थ काय?

आजचे शरीरशास्त्र हा प्रश्न अधिकच अवघड करते. कोणी चारचौघांत अपमान केला, की मेंदूतील बदामाच्या आकाराचा एक लहानसा भाग धोक्याची सूचना देतो. दोन्ही मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथी क्षणार्धात अ‍ॅड्रिनलिन रक्तात सोडतात. छाती धडधडते, तोंडाला कोरड पडते, मुठी वळतात. पाठोपाठ मेंदूच्या तळाकडून पियुषिका ग्रंथीमार्फत आज्ञा येते आणि त्याच ग्रंथी कॉर्टिसॉल नावाचे दुसरे संप्रेरक सोडू लागतात. हे सावकाश चढते. साधारण 20 ते 30 मिनिटांनी ते शिगेला पोहोचते आणि उतरायला त्याहून अधिक वेळ घेते. म्हणजे भांडण मिटले, समोरचा माणूस निघून गेला, तरी आपल्या रक्तातले भांडण चालूच असते. नेमके त्याच वेळी घरातले लेकरू काही विचारायला येते, आणि दुसऱ्याच्या वाट्याचा राग त्या बिचाऱ्याच्या पदरी पडतो.

दुसरे रसायन सेरोटोनिन. अमेरिकेतील क्लीव्हलँड येथे 1948 साली ते रक्तद्रवातून वेगळे काढण्यात आले आणि 1953 साली ते मेंदूतही असल्याचे दिसून आले. शरीरातील सुमारे 90 टक्के सेरोटोनिन आतड्यांत असते. मेंदूला लागणारे मात्र मेंदू स्वतःच तयार करतो. त्यासाठी लागणारे ट्रिप्टोफॅन हे द्रव्य दूध, डाळी अशा अन्नातूनच मिळते.

या संदर्भात केंब्रिज येथे झालेला आणि 2008 साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग मननीय आहे. दोघांमध्ये एक रक्कम वाटायची असते. एकाने वाटणी सुचवायची, दुसऱ्याने ती स्वीकारायची किंवा नाकारायची. नाकारली तर दोघांनाही काहीच मिळत नाही. शरीरातील ट्रिप्टोफॅन तात्पुरते घटवणारे पेय घेतल्यावर लोकांनी अन्यायाच्या वाटण्या नेहमीपेक्षा अधिक वेळा झिडकारल्या. स्वतःचे नुकसान झाले तरी चालेल, पण समोरच्याला मिळू द्यायचे नाही! विशेष हे, की त्यांची मनःस्थिती बिघडलेली नव्हती. कोणती वाटणी न्यायाची आणि कोणती अन्यायाची, हे विचारल्यावर त्यांची उत्तरेही पूर्वीसारखीच होती.

वाचकहो, येथे थोडे थांबा. रसायन बदलले तेव्हा अन्याय ओळखण्याची दृष्टी बदलली नाही. बदलला तो उलटून प्रहार करण्याचा आवेग. म्हणजे 'हे अन्यायाचे आहे' असे जाणणे आणि 'याला आता दाखवतोच' असे म्हणून उठणे, या दोन गोष्टी आपल्याला एकच वाटत असल्या तरी त्या वेगळ्या आहेत. अन्याय नाकारणे हे काही नेहमीच पाप नव्हे. बाराव्या शतकात शरणांनी जन्मावरून ठरणारी उच्चनीचता नाकारलीच होती. मात्र आपला नकार न्यायासाठी आहे की नुसत्या आवेगापोटी, हे कोणतीही ग्रंथी सांगत नाही. ते विवेकाचेच काम आहे.

'मग दोष माझा नाही, रसायनाचा आहे' असे कोणी म्हणेल. पण ज्याला आपल्या बैलाची खोड ठाऊक आहे, त्याने त्याला मोकळा सोडला आणि त्याने कोणाला मारले, तर दोष बैलाचा की मालकाचा? जाग्रण झाले, पोट रिकामे राहिले, की आपला तोल लवकर जातो, हे ज्याचे त्याला ठाऊक असते. रागाचा पहिला झटका आपल्या हाती नसेल. परंतु त्याच्या आधीची झोप, आहार, नियमित कायक आणि त्याच्या नंतरचा अर्धा तास यांवर आपली काहीतरी सत्ता चालते. त्या अर्ध्या तासात निर्णय घेऊ नये, पत्र लिहू नये, मुलावर हात उगारू नये. क्रोध न करण्याचा नेम येथूनच पाळायला घेता येतो.

दुसऱ्याच्या रागाकडे मात्र वेगळ्या दृष्टीने पाहावे. कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात 1990 च्या दशकात उंदरांवर अभ्यास झाला. ज्या पिलांना आईने भरपूर चाटले, गोंजारले, ती मोठेपणी ताणाने कमी बिथरत. दुसऱ्या मादीची पिले अशा मायाळू आईकडे वाढवली, तरी तोच परिणाम दिसला. म्हणजे फरक नुसत्या जन्माचा नव्हता, सांभाळण्याचाही होता. उंदीर म्हणजे माणूस नव्हे; तरीही कोणाच्या पदरात किती सहनशीलता पडली, हे त्याने एकट्याने ठरवलेले नसते, एवढे जाणले तरी आपली जीभ नरम होईल.

हीच गोष्ट खिन्नतेची. 'सेरोटोनिन कमी, म्हणून दुःख' हे सोपे समीकरण पुरेशा पुराव्याने सिद्ध होत नाही, असे 2022 साली प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक आढाव्यात मांडले गेले. याचा अर्थ दुखणे खोटे, असा नव्हे. औषधाने अनेकांना उतार पडतो. डॉक्टरांना न विचारता ते बंद करू नये. आणि 'तुझी भक्ती कमी पडते' असे अशा माणसाला कधीही म्हणू नये. तापाने फणफणलेल्याला आपण असे म्हणतो का?

तेव्हा शरीराचे हे ज्ञान दुसऱ्याला क्षमा करताना मोकळ्या हाताने वापरा, स्वतःला क्षमा करताना जपून. बहुधा आपण याच्या उलट करतो: शेजाऱ्याचा राग हा त्याचा स्वभाव आणि आपला राग म्हणजे परिस्थिती! आज रात्री निजण्यापूर्वी दिवसभरातला एक राग आठवून पाहा. तो आला तेव्हा तुमचा नव्हता, असे क्षणभर मानू. पण त्याला जेवायला वाढून मुक्कामाला कोणी ठेवले?